गवती चहाचा हिवाळा

आठ महिन्यांत मुलाने माझ्या फोनवर एकदाही फोन केला नव्हता. दर रविवारी तो त्याच्या आईला फोन करायचा. बोलणं संपत आलं की ती माझ्याकडे बघून विचारायची, "देऊ का?" मी हातानेच नको म्हणायचो. कधीकधी ती विचारायचीच नाही, तेव्हा तिकडून तोच नको म्हणाला असेल असं मी समजायचो. त्यामुळे ऑक्टोबरमधल्या एका सकाळी कामावर निघण्याआधी चहा घेत बसलो असताना माझ्या फोनवर त्याचं नाव दिसलं, तेव्हा चहा तसाच ठेवून मी फोन उचलला.

"बाबा," तो म्हणाला, "गवती चहा मरतोय."

"कुठला गवती चहा?"

"माझा. मी लावलाय इथे. दोन कुंड्या आहेत. व्हिडिओ लाव ना, दाखवतो."

इथे म्हणजे विनिपेगला, कॅनडात. आमच्याकडे सकाळचे सात वाजतात तेव्हा तिथे आदल्या दिवसाची संध्याकाळ असते. तो एका घराच्या तळघरात भाड्याने राहत होता आणि एका बेकरीत पाव भाजायला शिकत होता. आमचं जे बिनसलं होतं ते याच पावावरून.

मी ठाण्याहून सिंगापूरला आलो तेव्हा तो दोन वर्षांचा होता. मला जहाजं दुरुस्त करणाऱ्या एका यार्डात नोकरी मिळाली, सेम्बावांगमध्ये फ्लॅट घेतला आणि आम्ही इथलेच झालो. मुलगा इथल्या शाळेत शिकला, एनएसची, म्हणजे सक्तीच्या लष्करी सेवेची, दोन वर्षं केली, मग इंजिनिअरिंगला गेला. त्याच्याशी मी मराठीत बोलायचो, तो अर्धं मराठीत अर्धं इंग्रजीत उत्तर द्यायचा. सगळं मार्गाला लागल्यासारखं वाटत होतं. शनिवार-रविवारी तो मरीन परेड भागातल्या एका पावाच्या दुकानात काम करायला जायचा. आम्हाला वाटायचं, हातखर्चासाठी जात असेल. इंजिनिअरिंगची दोन वर्षं झाल्यावर एके दिवशी जेवताना त्याने सांगितलं की त्याने कॉलेज सोडलंय आणि कॅनडातल्या एका बेकिंगच्या कोर्सला त्याचा प्रवेशही झालाय.

मी तेव्हा बरंच बोललो. सगळं इथे लिहीत नाही. "पाव भाजायला पृथ्वीच्या टोकाला जायचं?" हे त्यातलं सगळ्यात सौम्य वाक्य. शेवटी म्हणालो, "लोकांनी विचारलं मुलगा काय करतो, तर मला सांगायला लाज वाटेल." त्याने ताट उचललं, घासून जागेवर ठेवलं आणि खोलीत गेला.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी दुपारी त्याचं विमान होतं. मी घरात सांगितलं की यार्डात एक जहाज डॉकमधून बाहेर काढायचंय, मला जावंच लागेल. आणि गेलो. ते जहाज सोमवारी निघणार होतं. मी ऑफिसात एकटाच एसीखाली बसून जुनी ड्रॉइंग्ज चाळत राहिलो. घरी आलो तेव्हा बायको चांगी विमानतळावरून परत आली होती आणि कपडे वाळत घालत होती.

तर तो त्या सकाळी फोनवर होता आणि मी व्हिडिओ लावला.

एक अरुंद खोली, छताला चिकटलेली बुटकी खिडकी, आणि जमिनीवर दोन प्लॅस्टिकच्या कुंड्या. तिथल्या एका व्हिएतनामी दुकानातून त्याने गवती चहाचे दांडे आणले होते, पाण्याच्या ग्लासात ठेवून त्यांना मुळं फुटू दिली होती आणि मे महिन्यात कुंड्यांत लावले होते. उन्हाळाभर मागच्या पायऱ्यांवर ठेवले, तर चांगले मांडीएवढे वाढले. रोज त्याच्या पाती चहात घालत होता. आणि आता दोन रात्री दंव गोठलं होतं, पातींची टोकं कागदासारखी पांढरी पडून मग तपकिरी झाली होती.

"तू तिकडे एवढी वर्षं लावतोस, म्हणून तुला विचारलं," तो म्हणाला.

हे खरं होतं. आमच्या नवव्या मजल्याच्या कॉरिडॉरमध्ये माझ्या तीन कुंड्या आहेत, त्यातल्या एकीत गवती चहा. आठवड्यातून दोनदा मी कात्रीने पाती कापतो आणि आल्याबरोबर उकळतो. इथे त्याला सेराय म्हणतात. लोक त्याचा खालचा पांढरा दांडा ठेचून रश्शात घालतात आणि पाती फेकून देतात. शेजारच्या चिनी आंटी त्यामुळे माझ्याच कुंडीतून दांडे नेतात आणि पाती माझ्या दाराच्या कडीला अडकवून जातात.

मी मुलाला एका दमात सगळं सांगितलं. कुंड्या आत आण. हीटरजवळ ठेव. रोज पाणी घाल, भरपूर. थोडं खत दे, जोर येईल. कुणी सल्ला मागितला की माझा आवाज आपोआप वर चढतो. त्याने विचारलं, "रोज?" मी म्हटलं, "अरे, गवतच आहे ते. त्याला पाणी नको का?"

फोन ठेवल्यावर बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "काय म्हणाला?" तिने विचारलं.

"गवती चहा लावलाय."

"ते मला माहीत आहे. मे महिन्यापासून माहीत आहे," ती म्हणाली. "तुला कसं सांगणार? तू फोन घेत नव्हतास."

मग दर तीन-चार दिवसांनी फोटो येऊ लागले. मी यार्डातून येताना बसमध्ये ते मोठे करून बघायचो. पहिला आठवडा बरा गेला. दुसऱ्या आठवड्यात पाती पिवळ्या पडल्या. मी लिहिलं, पाणी कमी पडत असेल, वाढव. तिसऱ्या आठवड्यात त्याने लिहिलं की कुंडीला ओल्या पोत्यासारखा वास येतोय, बारीक माश्या उडतायत, आणि एक दांडा नुसता हात लावल्यावर बाहेर आला.

तेव्हा मी फोन घेऊन कॉरिडॉरमध्ये गेलो. शेजारच्या आंटी स्टुलावर बसून दांडे सोलत होत्या. त्या ऐंशीच्या आसपासच्या. इथल्याच नोव्हेना भागातल्या एका हॉस्पिटलात आयुष्यभर नर्स होत्या. एकोणिसाव्या वर्षी नर्सिंग शिकायला बोटीने इंग्लंडला गेल्या होत्या, पार उत्तरेकडच्या एका बंदराच्या गावात. हे मला आधी माहीत होतं, पण त्याचा माझ्या कुंडीशी काही संबंध असेल असं कधी मनात आलं नव्हतं.

त्यांनी चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि फोटो बघितला.

"एवढं पाणी घालायला कुणी सांगितलं त्याला?"

"मी."

"तू थंडी बघितलीयस कधी?"

"महाबळेश्वरची," मी म्हणालो. ते गाव त्यांना ठाऊक नव्हतं, पण माझ्या तोंडावरून त्यांना उत्तर कळलं असावं.

"थंडीत हे गवत झोपतं," त्या म्हणाल्या. "झोपलेल्या पेशंटच्या तोंडात तू भात कोंबतोयस."

मग त्यांनी त्यांची गोष्ट सांगितली. इंग्लंडला जाताना त्यांच्या आईने बिस्किटांच्या डब्यात ओल्या फडक्यात गुंडाळून सेरायचे चार दांडे दिले होते. नर्सेसच्या हॉस्टेलात त्यांच्यासह मलायाकडच्या तीन मुली होत्या. कुंडी त्यांनी हीटरच्या नळाला टेकवून ठेवली आणि तिघी रोज पाणी घालायच्या, एकमेकींना न सांगता, कारण प्रत्येकीला वाटायचं दुसरी विसरली असेल. नाताळच्या आधीच ती कुजून गेली. "तिघी रडलो. एका गवतासाठी," आंटी म्हणाल्या. पुढच्या वर्षी बंदरात आलेल्या एका जहाजाच्या खानसाम्याकडून त्यांनी पुन्हा दांडे मिळवले. ती कुंडी हॉस्टेलच्या बूट ठेवायच्या थंड खोलीत राहिली, कारण मेट्रनने वर न्यायला बंदी केली होती. ती जगली.

"मुठीएवढे दांडे ठेवून बाकी सगळं कापायला सांग," त्या म्हणाल्या. "थंड जागी ठेव, पण पाणी गोठेल इतक्या थंड नाही. थोडा उजेड पुरे. मातीत बोट घाल, दुसऱ्या पेरापर्यंत कोरडं लागलं तर चार चमचे पाणी. खत अजिबात नाही. एप्रिलपर्यंत त्याला विसरून जा."

"आणि कुजलेली कुंडी?"

"ती टाकून दे म्हणावं. ती गेली."

मी घरात आलो. बायको बालवाडीत शिकवते, ती सकाळीच निघून गेली होती. मला यार्डात दहाला मीटिंग होती. मी उभ्यानेच फोन लावला. मुलाला मी स्वतःहून लावलेला तो त्या वर्षातला पहिला फोन.

"दुसरी कुंडी कुठेय?" मी विचारलं.

"मागच्या दाराजवळ, जिन्यात. हीटरजवळ एकीलाच जागा होती."

"तिथे किती थंड आहे?"

"गारच असतं. आठ-नऊ डिग्री असेल."

"पाणी?"

तो म्हणाला, "सॉरी बाबा. तिला मी विसरलोच. दोनदाच घातलं असेल."

"सॉरी म्हणू नकोस," मी म्हणालो. "तू विसरलास म्हणून ती वाचली असेल. माझं चुकलं. मी तुला जे सांगितलं ते सगळं उलटं होतं. मला थंडीतलं काही कळत नाही. तरी तू विचारल्यावर मी कळत असल्यासारखा बोललो."

तिकडे दार उघडल्याचा आवाज आला. तो जिन्यातून ती कुंडी घेऊन आला.

"इट्स ओके ला, बाबा," तो सिंगापुरी ढंगात म्हणाला. "दुसरी आहे ना."

मी त्याला आंटींनी सांगितलेलं सगळं सांगितलं. त्याने फोन भिंतीला टेकवला आणि मी बघत असतानाच कात्रीने पाती कापल्या. मुठीएवढे सात-आठ दांडे उरले. अगदी भुंडं दिसत होतं. कापलेल्या पातींचं काय करणार विचारलं, तर म्हणाला वाळवून डब्यात भरणार.

त्यानंतर दर रविवारी सकाळी तो माझ्या फोनवर फोन करू लागला. सुरुवातीला बायको चिडवायची, "आता मला देणार का?" कुंडीबद्दल सांगण्यासारखं काहीच नसायचं. "कशी आहे?" "तशीच." मी हे आंटींना सांगितलं की त्या म्हणायच्या, "तशीच म्हणजे छान." पण एवढ्यासाठी फोन केलाय आणि एका मिनिटात ठेवायचा कसा, म्हणून मग तो आणखी काही सांगायचा. पहाटे तीनला उठतो. उणे तीसमध्ये नाकातले केस गोठतात आणि टोचतात. बेकरीच्या मालकाचं मनगट दुखतं, त्यामुळे मोठे गोळे आता हाच वळतो. थंडीत आंबवण फुगायला दुप्पट वेळ लागतो, घाई केली की पाव आतून चिकट राहतो. मी इंजिनिअर माणूस, मी विचारायचो भट्टीचं तापमान किती, वाफ कशी सोडता, तळाला आणि वर फरक पडतो का. एकदा त्याने मला भट्टीच्या दाराचं रबर झिजलंय त्याचा फोटो पाठवला. मी कागदावर माप काढून, खाली खुणा करून, कसं बदलायचं ते परत पाठवलं. पुढच्या रविवारी त्याने सांगितलं की मालकाने तो कागद भट्टीशेजारी भिंतीला चिकटवलाय. हे मी यार्डात तिघांना तरी सांगितलं असेल. एकाने विचारलं, मुलगा काय करतो. मी म्हणालो, बेकर आहे.

जानेवारीतल्या एका रविवारी तो म्हणाला की एका वर्गमित्राचे वडील त्याला भेटायला येतायत, दोघे मिळून विमानतळावर जाणार आहेत. मी कप खाली ठेवला.

"त्या दिवशी," मी म्हणालो, "तू गेलास तेव्हा. यार्डात काही नव्हतं. जहाज सोमवारी निघणार होतं."

"माहीत आहे."

"कसं माहीत?"

"आईने तेव्हाच सांगितलं. टॅक्सीत." मग म्हणाला, "तरी आत जाताना मी दोनदा मागे वळून बघितलं. म्हटलं, कदाचित येशील."

मी त्याच्या मागच्या भिंतीकडे बघितलं. तिथे त्याची दोन जाड जाकिटं टांगलेली होती.

"मी यायला हवं होतं," मी म्हणालो.

"हो," तो म्हणाला. मग, "झोपायला हवं बाबा, तीनला उठायचंय. ठेवतो."

तो आठवडा मी नीट काम केलं नाही. बायकोला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "बरं झालं बोललास," आणि माझ्या ताटात आणखी एक पोळी वाढली. पुढच्या रविवारी फोन येईल की नाही याची मला खात्री नव्हती. नेहमीच्या वेळेला आला. कुंडी तशीच होती.

मार्चच्या शेवटी मात्र तो घाबरला. दांडे पेंढ्यासारखे वाळले होते. मी फोन चालू ठेवूनच कॉरिडॉरमध्ये गेलो आणि तो भाजी निवडत बसलेल्या आंटींच्या हातात दिला. त्या दोघांचं बोलणं इंग्रजीत झालं, आंटींचं नर्सच्या कडक आवाजात.

"एक दांडा हळूच ओढ. हळू. उपटायचा नाही."

त्याने ओढला. दांडा अलगद हातात आला, खाली मूळ नव्हतंच.

"दुसरा."

तोही आला. मी दुसरीकडे बघायला लागलो.

"तिसरा. मधला घे."

"नाही येत," तो म्हणाला.

"आणखी थोडा जोर लाव."

"नाही येत आंटी. धरून ठेवलाय त्याने."

"मग सोड त्याला," आंटी म्हणाल्या आणि फोन माझ्या हातात देऊन पुन्हा भाजी निवडायला लागल्या.

आठांपैकी तीन दांड्यांना मूळ होतं. एप्रिलच्या मध्याला त्याने कुंडी गरम खोलीत, खिडकीखाली आणली आणि थोडं पाणी द्यायला सुरुवात केली. पंधरा दिवस काही झालं नाही. मला सारखा मोह व्हायचा की पाणी वाढव म्हणून सांगावं, पण मी सांगितलं नाही. मग एका सकाळी फोटो आला. वाळक्या दांड्याच्या मधोमध एक हिरवी सुई निघाली होती, नखाएवढी. मी तो फोटो आंटींना दाखवला. त्यांनी तो बराच वेळ बघितला आणि त्या म्हणाल्या, "बाकीच्या दोन पोरींना दाखवता आला असता तर." मला आधी कळलं नाही त्या कुणाबद्दल बोलतायत, मग हॉस्टेलातल्या त्यांच्या दोन मैत्रिणी आठवल्या.

जूनमध्ये आम्ही दोघं विनिपेगला गेलो. तो घ्यायला आला होता. पूर्वीपेक्षा बारीक झाला होता, पण हात जाड झाले होते आणि मनगटांवर भट्टीचे चटके होते. त्याच्या आईने ते सगळे एकेक करून बघितले. माझ्याशी तो हात मिळवायला पुढे आला आणि मी त्याला जवळ घेतलं. आमच्याकडे तशी पद्धत नाही, त्यामुळे दोघांचीही थोडी धडपड झाली.

दुसऱ्या दिवशी त्याला सुट्टी होती. कुंडी मागच्या पायऱ्यांवर ठेवली होती, पाती वीतभर झाल्या होत्या. मुळं कुंडीत मावत नव्हती, म्हणून आम्ही दोघांनी ती उपडी केली आणि पीठ कापायच्या पत्र्याने गड्ड्याचे तीन भाग केले. त्याने माती धरली, मी कापलं. एक भाग वरच्या मजल्यावरच्या फिलिपिनो बाईंना दिला, त्या माशाच्या कालवणात घालणार होत्या. दुसरा बेकरीच्या मालकाच्या बायकोला. तिसरा त्याने परत लावला. लावून झाल्यावर पाणी घालायला मी हात पुढे केला, तर त्याने कॅन स्वतःकडे ओढला आणि हसला.

त्याने चहा केला. गवती चहाचा वास आमच्यापेक्षा फिका होता, तिथल्या उन्हात तेवढाच येत असावा. मी तसं म्हटलं. बायकोने मला पायाने ढोसलं. पण तो म्हणाला, "हो, फिकाच आहे. जास्त पाती घालाव्या लागतात."

तिथे जूनमध्ये रात्री साडेनऊनंतर सूर्य मावळतो. मुलगा मात्र सातलाच, लख्ख उजेडात, डोळ्यांवर टॉवेल टाकून झोपतो. झोपायला जाताना दारात थांबला.

"बाबा, उद्या बेकरीत येतोस? पण तीनला उठावं लागेल."

"उठेन."

"थंडी असेल तेव्हा. माझं जाकीट घाल, तुझं ते पातळ आहे."

बायको म्हणाली, "आणि मी?"

"तू सातला ये, गरम पाव निघतो तेव्हा," तो म्हणाला. "आम्ही दोघं तोपर्यंत भट्टीचं दार बघतो. रबर पुन्हा सैल झालंय."